डेव्हिसला सांगायचं कसं?

टीव्हीवरच्या अंतराळकथांमध्ये तरुण अधिकाऱ्याला पहिलं नेतृत्व मिळतं ते बहुतेक वेळा आगीच्या लोळात. कॅप्टन जखमी होऊन पडलेला असतो, धोक्याचे दिवे लागलेले असतात आणि आजवर मागे उभा राहिलेला कोणी पोरसवदा अधिकारी मधल्या खुर्चीत जाऊन बसतो. तो मोठ्याने हुकूम देतो, सगळे ऐकतात, जहाज वाचतं. असे प्रसंग मी पुष्कळ पाहिलेत. त्यातला एक मात्र मनात घर करून राहिला, कारण त्यात आग नाही, शत्रू नाही आणि हुकूमही मोठ्या आवाजात दिलेला नाही. त्यात एका मुलाला त्याच्याहून वयाने कितीतरी मोठ्या माणसाला एवढंच सांगायचं असतं, की ही एक चाचणी करा.

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'च्या दुसऱ्या पर्वातला 'पेन पॅल्स' हा तो भाग. मे 1989 मध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला. मी तो पाहिला खूप नंतर, भूशास्त्र शिकत असताना, वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या हार्डडिस्कवरून. तेव्हा आवडला. पण तो कळला ते धुळ्यात जमिनीखालचं पाणी शोधायच्या नोकरीला लागल्यावर, जेव्हा जीप, यंत्र आणि चार माणसं माझ्या हवाली झाली.

वेस्ली क्रशर हा मुलगा ही मालिका पाहणाऱ्या अनेकांना आवडत नाही. पहिल्या पर्वात त्याने आपल्या हुशारीवर जहाज वाचवण्याचे प्रकार जरा जास्तच केले, आणि मोठ्यांना न सुचलेलं पोराला सुचतं हे पाहणाऱ्यांना खटकलं. मला त्याच्याबद्दल कायम माया वाटत आली. त्याचे वडील जॅक क्रशर पिकार्डच्या जुन्या जहाजावर, पिकार्डच्या हाताखाली काम करताना गेले. आता तोच पिकार्ड त्याचा कॅप्टन. दुसऱ्या पर्वात आईसुद्धा जहाज सोडून दुसऱ्या मोठ्या जबाबदारीवर गेलेली, आणि हा एकटा मागे राहिलेला, स्वतःच्या हट्टाने. अंतराळ-अधिकारी घडवणाऱ्या अकादमीच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्या वेळी त्याची निवड झाली नव्हती. अंगावर गणवेश आहे, पण पद तात्पुरतं. ती भूमिका करणारा विल व्हीटनही तेव्हा सोळा वर्षांचाच होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते अवघडलेपण अभिनयाने आणलेलं आहे असं मला कधी वाटलं नाही.

गोष्ट सुरू होते तेव्हा जहाज अशा भागात आलेलं असतं, जिथले ग्रह आतून फुटत चाललेत. ज्वालामुखी, भूकंप, कवच तडकलेलं. का, ते कोणालाच कळलेलं नाही. रायकर हा पिकार्डच्या खालोखालचा अधिकारी. तो ठरवतो, की या ग्रहांचं खनिज सर्वेक्षण वेस्लीकडे द्यायचं. मग जहाजावरची मोठी माणसं एका टेबलाभोवती बसतात आणि त्या मुलाच्या माघारी त्याच्याबद्दल बोलतात. त्याला झेपेल का? फार लवकर होतंय का? त्यांचं एकमत चटकन होत नाही. या बसण्यात आईबाप कोणी नाहीत, आहेत ते सगळे सहकारी, आणि तरीही या मुलाला घडवणं आपल्यावर आहे हे प्रत्येकाने धरूनच चाललेलं आहे. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. पहिलं नेतृत्व मिळणाऱ्याची गोष्ट सांगताना ते देणाऱ्यांची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. इथे ती आधी येते.

वेस्लीला तुकडी स्वतःच निवडायची असते. सगळे त्याच्याहून मोठे. त्यातला डेव्हिस वयाने आणि अनुभवाने बराच पुढे. आकडे येऊ लागतात, आणि वेस्लीला वाटतं की आयकोस्पेक्ट्रोग्राम नावाची एक चाचणी करून पाहायला हवी. ही चाचणी अर्थातच मालिकेच्या लेखकांनी रचलेली, पण तिचा स्वभाव खऱ्या चाचण्यांसारखाच आहे : वेळ खाणारी, किचकट, आणि हाती काही लागेलच याची खात्री नसलेली. डेव्हिस म्हणतो, गरज नाही. इतकंच. तो रागावत नाही, टोमणा मारत नाही, मुलाचा पाणउतारा करत नाही. ज्याने हे काम अनेक वर्षं केलंय त्या माणसाच्या सहज सुरात तो सांगतो, की यात वेळ फुकट जाईल. आणि वेस्ली गप्प बसतो. बरं, राहू दे, म्हणतो.

डेव्हिस खलनायक असता तर हे सगळं सोपं झालं असतं. उद्धट माणसाला हुकूम देणं अवघड नसतं, राग मदतीला येतो. समजूतदार, कामसू, आपल्याशी चांगलं वागणाऱ्या आणि बहुधा बरोबरच असलेल्या माणसाला 'तरीही करा' म्हणणं हे खरं कठीण. मेलिंडा स्नॉडग्रास यांनी या भागाची पटकथा लिहिली. त्यांनी डेव्हिसला भला माणूस ठेवला, इथेच त्यांनी जिंकलं असं मला वाटतं.

खानदेशात तर हे आणखी अवघड. आमच्याकडे माणसाला आधी नात्याने हाक मारतात, हुद्दा मागाहून येतो. माझ्या तुकडीत जीप चालवणारे दादा, यंत्र सांभाळणारे अण्णा, तारा ओढणारे दोघे, त्यातले एक नाना. मी लोकांसमोर मॅडम आणि जीपमध्ये ताई. अण्णांची नोकरी माझ्या वयाइतकी झालेली. साक्रीकडच्या कुठल्या नाल्यात कुठल्या वर्षी काय लागलं, कुठली विहीर उन्हाळ्यात तग धरते, कुठे बोअर खोल गेली आणि धूळच वर आली, हे त्यांना कागद न उघडता सांगता येई. जेवायला बसलो की ते आपल्या डब्यातली कळण्याची भाकर मोडून आधी माझ्यापुढे करायचे. अशा माणसाला काम सांगायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. आणि तो घास घेतला नाही तर मला तिथे पाठवण्याला काही अर्थच नव्हता.

आमचं काम पाहिलेलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. जमिनीखाली पाणी आहे का हे शोधायला आम्ही विजेचा रोध मोजतो. एका सरळ रेषेत चार लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांमधून बॅटरीचा प्रवाह जमिनीत सोडायचा, आतल्या दोन सळयांमध्ये पडणारा विजेचा दाब मोजायचा. बाहेरच्या सळया जसजशा लांब नेत जाऊ तसतसं यंत्राला अधिक खोलवरचं कळतं. पाणी धरून असलेला मुरूम वीज बऱ्यापैकी वाहू देतो, अखंड काळा पाषाण अडवतो. प्रत्येक वाचन झालं की दोन्ही टोकांची माणसं सळया उपटतात, तारेचं रीळ सोडवत पुढच्या खुणेपर्यंत जातात आणि पुन्हा ठोकतात. मे महिन्यात माती इतकी कोरडी असते की सळई ठोकूनही जमिनीशी तिचा नीट संपर्क होत नाही, यंत्राचा काटा थरथरत राहतो. मग सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं. ज्या गावात प्यायला टँकरची वाट बघतात, त्या गावात आपण मातीत पाणी ओततोय हे बघायला बायका येऊन उभ्या राहतात. काही बोलत नाहीत, पण मान वर करून त्यांच्याकडे बघवत नाही.

त्यात आमच्या भागाची घडण वेगळी. धुळे आणि नंदुरबारकडे दख्खनच्या काळ्या खडकाला चिरत गेलेले डाइक आहेत. कधीकाळी तप्त लाव्हा उभ्या भेगांमध्ये शिरला आणि तिथेच थिजला. आज ते मैलोन् मैल पसरलेत, साधारण पूर्व-पश्चिम, कुठे टेकडीसारखे वर आलेले तर कुठे शेताखाली दडलेले. डाइक म्हणजे जमिनीत उभी गाडलेली भिंत. एका बाजूला पाणी अडतं, दुसऱ्या बाजूला खडखडाट. पण प्रत्येक डाइक सारखा नसतो. काही भेगाळलेले असतात आणि त्यांच्यातूनच पाणी वाहतं. म्हणून एका बाजूला मोजून दुसऱ्या बाजूचं सांगता येत नाही.

त्या दिवशी गावाने दाखवलेल्या जागेवर मोजणी झाली. वरचा थर पातळ, त्याखाली रोध चढतच गेला. आलेख बघून कोणीही सांगितलं असतं, इथे बोअर घेऊ नका. मला नाल्यापलीकडे, डाइकच्या दुसऱ्या अंगाला मोजणीची आणखी एक ओळ घ्यायची होती. सूर्य डोक्यावर आलेला. पलीकडे जीप जात नव्हती, म्हणजे बॅटरी, रिळं, पाण्याचे कॅन, सगळं डोक्या-खांद्यावर. अण्णांनी पलीकडे नजर टाकली आणि म्हणाले, "ताई, आठे पानी नही शे. दुसरी ओळ कसाले?" इथे पाणी नाही, दुसरी ओळ कशाला?

मी काही बोलले नाही. जेवायला बसलो. त्या जेवणात मला वेस्ली आठवला, आणि आठवला म्हणजे धीर आला असं नाही. आठवला तो त्याचा चेहरा, 'राहू दे' म्हणतानाचा.

त्या भागात पुढे वेस्ली रायकरकडे जातो. जहाजावरच्या विश्रांतीच्या दालनात, टेन फॉरवर्डमध्ये, त्यांचं बोलणं होतं. मुलगा विचारतो, मी कोण यांना सांगणारा? माझं चुकलं तर? रायकर त्याला हुकूम कसा द्यायचा याचे धडे देत नाही. आणि मुख्य म्हणजे, 'थांब, डेव्हिसला मी सांगतो' असंही म्हणत नाही. ते त्याला सहज जमलं असतं. एका शब्दात काम झालं असतं आणि वेस्लीचं नेतृत्व तिथेच संपलं असतं. रायकर चुका होणार हे मान्य करतो. आपण कधी चुकणारच नाही असं समजणं हाच उर्मटपणा, हे त्याला सांगतो. मग मुलगा मनातली खरी भीती बोलून दाखवतो, की आज चाचणी आहे, उद्या माझ्या निर्णयाने कोणाचा जीव गेला तर? ज्याचे वडील कामावर असताना गेले, तो हे विचारतोय. त्यावर रायकर त्याला पिकार्डकडे बघायला सांगतो : अशा वेळी पिकार्ड काय करेल हे स्वतःला विचार. वेस्लीला उत्तर माहीत असतं. पिकार्ड सगळ्यांचं ऐकून घेतो, मग स्वतः ठरवतो. ठरलं की ते होणार, याबद्दल त्याला शंका नसते.

हा सल्ला वरवर साधा आहे, पण त्याच्या पोटात काय काय आहे ते बघा. ज्याच्या हाताखाली बाप गेला त्याच्याकडूनच हुकूम देणं शिकायचं. वडिलांच्या मरणाचा उच्चारही न करता ही जखम त्या बोलण्यात आहे. मालिका ती उघडी करत नाही, आणि त्यासाठी मी तिची ऋणी आहे.

वेस्ली परत जातो आणि डेव्हिसला सांगतो. चढा आवाज नाही, समजावणं नाही, माफी मागणं नाही. मला ती चाचणी हवी आहे. डेव्हिस कामाला लागतो. तो दुखावलेला दिसत नाही, उलट त्याला बरं वाटलं असावं असंच मला प्रत्येक वेळी वाटतं. अनुभवी माणसाला आपलं ऐकलं जावं असं वाटतं, पण त्याहून अधिक आपल्यावर कोणीतरी ठरवणारं आहे याचा त्याला आधार असतो. हे मला तेव्हा पटलं नव्हतं. आता पटतं.

मीही जेवण झाल्यावर उठले आणि म्हणाले, "अण्णा, पलीकडे एक ओळ घेऊ या. पूर्ण घेऊ, शेवटच्या खुणेपर्यंत." अण्णांनी डबा बांधला, नानांकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हई जाई." होऊन जाईल. दोन शब्द. मग त्या उन्हात चौघांनी मिळून सामान नाल्यापलीकडे नेलं.

वेस्लीच्या चाचणीत डायलिथियम सापडतं. या मालिकेत जहाजाच्या इंजिनाचा कणा असलेलं हे स्फटिक. ग्रहाच्या पोटात ते जाळ्यासारखं रचलेलं आहे आणि ते आतल्या उष्णतेचं रूपांतर यांत्रिक ताणात करतंय, म्हणून कवच फाटतंय. कल्पना रचलेली असली तरी तिचं मूळ खऱ्या विज्ञानात आहे. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज निर्माण होते, हा दाबविद्युत परिणाम पिएर आणि झाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवून दिला. उलटंही होतं, वीज दिली की स्फटिक आकसतो किंवा ताणला जातो. आपल्या हातातल्या क्वार्ट्झ घड्याळात हेच चाललेलं असतं. लेखकांनी तो धागा ताणून ग्रहापर्यंत नेला. ज्यांच्या पायाखाली काळा पाषाण आहे, ज्यांच्या जिल्ह्यातल्या खाणींमधून झिओलाइट या खनिजाचे स्फटिक जगभरातल्या संग्रहात गेलेत आणि ज्यांनी अडावदजवळच्या उनपदेवला जमिनीतून गरम पाणी येताना पाहिलंय, त्या आम्हा खानदेशी माणसांना 'जमीन आतून जिवंत आहे' हे वेगळं सांगावं लागत नाही. 14 मार्च 1938 चा सातपुड्यातला भूकंप तर आमच्याच उत्तरेच्या डोंगरांतला.

आमच्या दुसऱ्या ओळीत काहीच सापडलं नाही. पलीकडेही तोच पाषाण, तसाच चढत जाणारा रोध. शेवटचा बिंदू आलेखावर मांडला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

इथे माझा त्या मालिकेशी वाद आहे. वेस्लीच्या चाचणीला फळ आलं, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की मुलगा बरोबर होता आणि डेव्हिस चूक. मला वाटतं, चाचणी रिकामी गेली असती तरी वेस्ली तितकाच बरोबर होता. हुकूम बरोबर की चूक हे तो देताना हाती काय होतं यावरून ठरायला हवं, नंतर काय निघालं यावरून नव्हे. फुटत चाललेल्या ग्रहाचं कारण कळत नसताना हाताशी असलेली एक चाचणी न करता अहवाल लिहायचा नाही, एवढाच त्याचा विचार होता आणि तो पुरेसा होता. मालिकेला चाळीसेक मिनिटांत गोष्ट संपवायची असते, तिला फळ लागतं हे मला समजतं. पण पहिलं नेतृत्व करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला रिकामी चाचणीच येते, आणि त्या संध्याकाळी परतीच्या जीपमध्ये बसायचं कसं हे कोणती मालिका दाखवत नाही.

परतताना अण्णा पुढे बसले होते. 'मी म्हटलं होतं' असं ते म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने, पिंपळनेरकडचा रस्ता मागे पडल्यावर, मागे न बघता म्हणाले, "आते लिखाले हरकत नही." आता लिहायला हरकत नाही. आणि खरंच, सकाळच्या एका ओळीवर मी जो अहवाल लिहिला असता त्यात एक 'परंतु' राहिला असता. त्या 'परंतु'वर गावाने कर्ज काढून पलीकडे बोअर घेतली असती. खानदेशात अशा कोरड्या बोअरांखाली किती घरांचे पैसे गाडले गेलेत ते इथल्या कोणालाही विचारा. त्या गावाने बोअरचा नाद सोडला आणि जुन्या बंधाऱ्यातला गाळ काढायला घेतला. त्या उन्हाळ्यात टँकर चालूच होता. याहून जास्त काही मला सांगता येत नाही.

आता पुन्हा त्या भागाकडे, कारण वेस्लीचं कथानक त्यात दुय्यम आहे हे सांगायला हवं. मुख्य गोष्ट डेटाची. डेटा हा यंत्रमानव. त्याला त्याच फुटत चाललेल्या ग्रहावरून एका लहान मुलीची हाक ऐकू येते, कोणी आहे का तिथे? तो उत्तर देतो, आणि द्यायला नको असतं. अंतराळात न पोचलेल्या संस्कृतींमध्ये ढवळाढवळ करायची नाही हा त्यांचा प्राइम डायरेक्टिव्ह. पिकार्डच्या खोलीत सगळे जमून कडाक्याचा वाद घालतात, नियम मोठा की ती हाक मोठी. सारजेंका या मुलीचा आवाज प्रत्यक्ष ऐकल्यावर पिकार्डच्याने नाही म्हणवत नाही. बहुतेक जण या भागाबद्दल बोलतात ते याच वादाबद्दल.

पण त्या वादाचा शेवट काय झाला असता? करुणा पुष्कळ होती, उपाय नव्हता. मदत करायची हे ठरलं तरी ग्रह का फाटतोय ते ठाऊक नसेल तर मदत कसली करणार? उपाय येतो वेस्लीच्या प्रयोगशाळेतून. स्फटिकांची जाळी आहे हे कळल्यावरच जमिनीत शोधयानं सोडून, कंपनांनी ती जाळी फोडायची कल्पना निघते. सारजेंका वाचते ती डेटाच्या मायेमुळे, आणि तितकीच एका पोराने आपल्याहून मोठ्या माणसाला 'तरीही करा' म्हटल्यामुळे. हे दोन धागे मालिका एकमेकांत फार घट्ट विणत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो भाग दोन गोष्टी चिकटवल्यासारखा वाटला होता. आता वाटतं, वादाच्या खोलीत बसलेल्यांना हे कबूल करावं लागेल, की त्यांचं थोरपण एका कंटाळवाण्या मोजणीवर उभं आहे.

याच 'स्टार ट्रेक'च्या दुनियेत पहिल्या नेतृत्वाच्या आणखीही गोष्टी आहेत. मूळ मालिकेत, जानेवारी 1967 मध्ये, 'द गॅलिलिओ सेव्हन' या भागात भावनेपेक्षा तर्काला मानणाऱ्या स्पॉक या अधिकाऱ्याला पहिल्यांदा एका लहान यानाची जबाबदारी मिळते. यान एका ग्रहावर कोसळतं, माणसं मरतात, आणि तो सगळे निर्णय तर्काने घेत जातो तसतशी हाताखालची माणसं त्याच्यावर बिथरत जातात. तिथे डेव्हिसच डेव्हिस आहेत, फक्त चिडलेले. स्पॉक त्यांचं ऐकतो, पण त्यांना काय होतंय ते त्याला कळत नाही.

मला सर्वांत भीतिदायक वाटतो तो 'डीप स्पेस नाइन'मधला 1998 चा 'व्हॅलियंट' हा भाग. युद्धात अडकलेल्या जहाजावरचा कॅप्टन मरतो आणि जहाज शिकाऊ मुलांच्या हाती येतं. वॉटर्स नावाचा त्यांचा तरुण कॅप्टन हुशार आहे, धाडसी आहे, मुलं त्याच्यासाठी जीव द्यायला तयार आहेत. तो जागं राहायला गोळ्या खातो. मग एका प्रचंड शत्रुजहाजावर चाल करून जायचं ठरवतो. त्या जहाजावर कोणी मोठं माणूसच नाही. 'गरज नाही' म्हणणारं कोणी नाही, आणि जो म्हणतो त्या जेकला, जहाजावर पाहुणा आलेल्या तरुणाला, ते कोंडून ठेवतात. सगळे होकार देतात, घोषणा देतात. आणि जवळजवळ सगळे मरतात.

हे पाहिलं तेव्हा डेव्हिसची किंमत कळली. वेस्लीचा हुकूम चांगला झाला तो आधी कोणीतरी नाही म्हटलं म्हणून. त्या नकाराने त्याला आपला विचार पुन्हा तपासावा लागला, रायकरकडे जावं लागलं. अण्णांनी "कसाले?" विचारलं नसतं, तर त्या जेवणात मी स्वतःला तोच प्रश्न विचारला नसता. कदाचित शेवटच्या खुणेपर्यंत ओळ नेण्याचा आग्रहही धरला नसता.

हुकूम म्हटलं की आपल्याला गणवेश आठवतो, पण पांझरेच्या काठाने फिरलं की वेगळं दिसतं. पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकं चालत आलेली फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे मोठे पट्टे म्हणजे फड, आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाणी कोणी आपल्या हाताने घ्यायचं नाही. ते देण्याचं काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचं, बारेकऱ्याचं. जागल्या राखण करतो, हवालदार देखरेख ठेवतो. पाटकऱ्याकडे ना दंडुका, ना पदवी. त्याची स्वतःची जमीन कदाचित सर्वांत कमी. तरी पन्नास बिघ्यांचा मालक त्याच्या शब्दाशिवाय बारं, म्हणजे शेतात पाणी घ्यायचं तोंड, फोडत नाही, कारण तो शब्द त्याला सगळ्यांनी मिळून दिलेला आहे. वेस्लीच्या तात्पुरत्या पदामागेही टेबलाभोवतीची ती मोठी माणसं होती. माझ्यामागेही कोणी होतं. माझ्या वरिष्ठांनी मला एकटीला पाठवलं तेव्हा मला ते निष्काळजीपणाचं वाटलं होतं. नंतर कळलं, निघण्याआधी ते अण्णांशी बराच वेळ बोलले होते. काय, ते दोघांपैकी कोणी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डेव्हिस त्या भागानंतर पुन्हा दिसत नाही. मालिकेला त्याची गरज संपली. मला मात्र त्याच्याबद्दल विचार करावासा वाटतो. त्या रात्री आपल्या खोलीवर जाऊन त्याने बरोबरच्यांना काय सांगितलं असेल? सापडलं तेव्हा त्याला स्वतःचाच राग आला असेल, की त्या पोराचा अभिमान वाटला असेल? वेस्लीला पुढे पिकार्डने पूर्ण पद दिलं, तेव्हा कुठल्या तरी खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत डेव्हिस कोणाला म्हणाला असेल का, की याची पहिली तुकडी आमची?

अण्णा निवृत्त झाले. आता आमच्याकडे एक नवा मुलगा आलाय, चोपड्याकडचा, वाचनं चोख घेतो पण नानांना काही सांगायचं झालं की आधी माझ्याकडे बघतो. परवा साक्रीच्या पुढच्या दोन गावांची मागणी आली. मी त्याला जीप, यंत्र आणि माणसं दिली, नकाशावर डाइक दाखवला आणि ओळी कुठे घ्यायच्या ते त्याच्यावर सोडलं. नाना दाराशी थांबले होते. त्यांना म्हटलं, जे वाटेल ते त्याला बोला, पण तो ठरवेल तसं करा. नाना म्हणाले, "आनी त्याले काहीच समजनं नही तं?" मी म्हटलं, तरीही, नाना. आज त्याचा पहिला दिवस आहे, दुपार झाली आहे आणि मी त्याला फोन केलेला नाही.